चौदा नंबरच्या कोठडीतला पंजा

पहिल्याच दिवशी तो फाटकात एलोईसावर आदळला, तिच्या पांढऱ्या सदऱ्यावर चिखल माखला आणि वर हसला! तेव्हापासून तिला तो लबाडच वाटत होता. नाव रेयेस. वाळवंटातल्या युमा गावच्या जुन्या तुरुंगाचं संग्रहालय झालं, तरी उन्हाने त्याच्या मातीच्या भिंती तडकायच्या थोड्याच थांबतात? त्या लिंपायला आलेला हा गवंडी. एलोईसा पाहुण्यांना कोठड्या दाखवायची.

आणि नेमका तेव्हापासूनच चौदा नंबरच्या कोठडीत पंजा उमटू लागला. सकाळी दहाला पाहावं तर भिंतीवर ओलसर मातीचा पंजा... दुपारी वाळून भिंतीच्या रंगात गायब. पाहुणे किंचाळायचे. तहानेने मेलेल्या कैद्याची गोष्ट एलोईसाही रंगवून सांगायची. गावभर बोभाटा झाला तसं संग्रहालयाच्या साहेबांनी तिलाच धारेवर धरलं. "ही भुताटकी तुझीच ना? शुक्रवारपर्यंत थांबली नाही तर घरी बस."

शुक्रवारी फाटक उघडायच्या आधीच ती त्या कोठडीच्या दाराआड दबा धरून बसली. रेयेस आला. त्याने भिंतीला तळहात टेकवला.

"सापडलात!"

तो दचकला. "अहो, मी... लिंपण सुकलंय का बघतोय. हाताला गार लागलं की समजायचं, अजून ओलं आहे. आमचे आजोबासुद्धा असंच—"

एलोईसाने पंजाशेजारची भिंत चाचपली. ठणठणीत कोरडी! "थापा मारू नका. आणि हाताला हा चिखल कसला?"

त्याचे कान लाल झाले. "पहिला आठवडा खरंच तेच करत होतो. या कोठडीचं काम तर कधीच संपलं... पण पंजा दिसला की तुम्ही इथे रेंगाळता. मी पाहुण्यांत मागे उभा असतो. रोज."

एलोईसाला हसू फुटणारच होतं. पण राग काही उतरेना. "तुमच्या या खेळापायी माझी नोकरी चाललीय, कळतंय?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो तडक साहेबांकडे गेला. खिडकीतून तिला ऐकू आलं, "चूक माझी आहे, साहेब. मला हाकला, पण त्यांना बोल लावू नका."

तो बाहेर आला तो हत्यारांची पिशवी घेऊनच. "तुमची नोकरी शाबूत आहे. येतो मी."

भला माणूस निघाला की हो हा! आणि चालला पण...

"थांबा," ती म्हणाली. "आमच्या आईच्या घराची भिंत तडकलीय. उद्या याल?"

"किती दिवसांचं काम आहे?"

"दोन दिवसांचं," एलोईसा ओठ दाबून हसली. "पण तुम्हाला महिना तरी लागेल."