विसरपट्टी

"चूक खेळ," मुजावर सर म्हणाले. "नीट नको. तुझी ती जुनी चूक हवी मला, अगदी मनापासून केलेली."

सकाळचे सात वाजले होते. सांगलीतल्या त्या शाळेच्या हॉलमध्ये टेबल टेनिसची चार टेबलं होती, पण दिवे एकाच टेबलावरचे लागले होते. अन्विता मगदूम टेबलापासून हातभर मागं, गुडघे किंचित वाकवून उभी होती. तिच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत करडी, पातळ पट्टी गुंडाळली होती आणि कानामागं रुपयाएवढी चकती चिकटवली होती. सरांनी बादलीतून चेंडू उचलला आणि बॅटनं खालून कापत तिच्या डाव्या अंगाला सोडला.

असा कापलेला चेंडू उलटा फिरत येतो आणि टप्पा पडला की खाली बसतो. त्याला बॅकहँडनं टॉपस्पिन मारायचा, म्हणजे बॅट पोटाशी खाली न्यायची, मनगट आत वळवून धरायचं, कोपर जरा पुढं ठेवायचं आणि चेंडू अगदी हाताशी आला की मगच हात वर आणि पुढं उघडत बॅटचं रबर चेंडूवरून घासत न्यायचं. अन्विताचं मनगट त्याआधीच उघडलं. चेंडू टेबल ओलांडून थेट भिंतीवर आपटला. पट्टीवरचा हिरवा ठिपका लुकलुकला.

"शाब्बास," सर म्हणाले. "आणखी एक."

तीस वर्षं मुलांच्या चुका काढण्यात घालवलेल्या माणसाला चुकीबद्दल शाब्बासकी देणं जड जात होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण मिरजेच्या क्रीडावैद्यक केंद्रातल्या डॉ. शैलजा ऐनापुरे यांनी तशी सूचनाच दिली होती. रोज साठ चेंडू जुन्या चुकीनं मारायचे. त्यानंतर तासभर बॅटला हातही लावायचा नाही.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं. शरीराची एखादी सवय जागी झाली, की काही तास ती ओल्या मातीसारखी मऊ असते. मग पुन्हा घट्ट होते. ती मऊ असतानाच मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागाला अगदी बारीक विद्युत्स्पंद दिले, तर ती पूर्वीसारखी घट्ट होत नाही. हातावरची पट्टी स्नायूंमधून ती नेमकी चूक ओळखते आणि कानामागची चकती स्पंद देते. खेळाडूंनी तिला नाव ठेवलं होतं विसरपट्टी.

"नवं शिकवायला तुमचे सर आहेत," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "मी फक्त जुनं काढून जागा करून देते."

आणि अन्विताला तेच हवं होतं. योग्य फटका तिला येत नव्हता असं नव्हे. सरावात शंभरातले ऐंशी चेंडू ती सुरेख घासायची. पण सामना अटीतटीला आला, की हात जुन्या वाटेनं पळायचा. गेल्या वर्षी राज्याच्या निवड चाचणीत पाचव्या गेममध्ये नऊ-नऊ असताना नागपूरच्या मुलीनं तिला दोन कापलेले चेंडू टाकले. दोन्ही वेळा मनगट आधीच उघडलं, दोन्ही चेंडू बाहेर गेले आणि अन्विता घरी आली. यंदा ती एकोणीस वर्षांची होती. या वयोगटातली ही शेवटची संधी होती.

बाराव्या दिवशी ठिपका लुकलुकलाच नाही.

"चूक खेळ," सर म्हणाले.

"खेळतेय की, सर."

तिनं पुन्हा प्रयत्न केला. मनगट आत वळलं, थांबलं, चेंडू आला आणि मगच उघडलं. चेंडू नेटवरून वाकत जाऊन टेबलाच्या कोपऱ्यात पडला आणि उसळून दूर गेला. सरांनी सलग चाळीस चेंडू टाकले. एकही बाहेर गेला नाही. अन्विता हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू यायला लागलं.

सरांनी बॅट खाली ठेवली. "आता जाणूनबुजून चुकायचं म्हटलं तरी चुकता यायचं नाही तुला," ते म्हणाले. आवाजात आनंद होता, पण त्यांनी तिच्या हाताकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

त्या दिवशी ती धावतच घरी गेली. तिची आई, पद्मजा, खिडकीपाशी बसून मेणाचा दात कोरत होती. एका दंतप्रयोगशाळेसाठी ती कृत्रिम दात घडवायची आणि थोडं काम घरी आणायची. पद्मजाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. वडील वीज कंपनीच्या कामासाठी रत्नागिरीला असत, शनिवारी येत. एरवी घरात दोघीच. त्या घरात भांड्यांचा आवाज असे, दारांचा असे, पण बोलणं सगळं हातांनी चाले.

अन्विता आईच्या नजरेसमोर उभी राहिली आणि तिला हाक मारायला हात उचलला.

ही हाक कुठल्या पुस्तकात नव्हती. नऊ महिन्यांची असताना अन्वितानं ती स्वतःच शोधली होती. मूठ पोटाशी न्यायची आणि मनगट झटकन बाहेर उघडायचं. आधी तिचा अर्थ 'इकडं बघ' एवढाच होता. मग तीच खूण 'आई' झाली. तोंडानं बोलायला ती वडिलांकडून आणि शेजाऱ्यांकडून पुढं शिकली. पण तिचा पहिला शब्द हा होता आणि गेली अठरा वर्षं दिवसातून पन्नास वेळा तो तिच्या हातातून निघत होता.

हात पोटाशी गेला आणि तिथंच थांबला.

अन्वितानं पुन्हा प्रयत्न केला. मनगट उघडलं, पण सावकाश, एखादं दार जपून लोटावं तसं. आईनं मेणाचा दात खाली ठेवला.

"हात दुखतोय?" तिनं हातांनी विचारलं.

"नाही. जमलं मला! बॅकहँड जमला!" बाकीचं अन्वितानं भराभर सांगितलं. आईनं तिला जवळ घेतलं, गालाला मेण लागलं आणि ती गोष्ट तेवढ्यावर राहिली.

पण राहिली नाही. पद्मजाची नजर दातावरचा केसाएवढा उंचवटा पकडणारी होती. जेवताना, दिवे लावताना, भाजी निवडताना ती मुलीच्या हातांकडं बघत राहायची. मनगट झटकन उघडावं लागे ते सगळेच शब्द अडखळत होते. 'लवकर' अडखळत होता, 'फूल' अडखळत होता, आईला चिडवायची ती एक खास खूण तर निघतच नव्हती. अन्विता ते शब्द टाळायला लागली. आई स्वयंपाकघरात असली, की ती जाऊन खांद्याला हात लावायची किंवा सरळ फोनवर लिहून दाखवायची. सरावाचा थकवा असेल, निवड झाली की बघू, असं तिनं मनाला सांगितलं.

चाचणी पुण्यात होती. पद्मजानं दोन दिवसांची रजा घेतली आणि ती बरोबर आली. प्रेक्षकांमध्ये तिसऱ्या रांगेत, टेबलाच्या सरळ रेषेत तिनं जागा धरली.

शेवटचा सामना त्याच नागपूरच्या मुलीशी पडला, आणि पाचव्या गेममध्ये पुन्हा नऊ-नऊ झालं. त्या मुलीला गेल्या वर्षीचं सगळं आठवत होतं. तिनं अगदी तसाच, खोल कापलेला चेंडू अन्विताच्या बॅकहँडला टाकला. अन्विताला बाहेर गेलेले ते दोन चेंडू आठवले. पण हाताला त्यातलं काही कळलंच नाही. मनगट थांबलं, चेंडू आला, हात उघडला. दहा-नऊ. पुढचा चेंडू अधिक खोल होता. हाताला त्याचंही काही वाटलं नाही. अकरा-नऊ.

मुजावर सर खुर्चीवरून उठून तिच्याकडं येत होते. अन्विता वळली ती आईकडं. पद्मजा उभी राहून दोन्ही हात हवेत हलवत होती. ऐकू न येणाऱ्या माणसांची टाळी तशीच असते. अन्विताचा हात आपोआप पोटाशी गेला. सगळी हाक तिच्या मनात भरून आली होती, पण हाताला ती सापडली नाही. मग सगळ्या मुली हलवतात तसा तिनं हात डोक्यावर नेऊन नुसता हलवला.

आईचे हात खाली आले.

परतीच्या बसमध्ये सातारा मागं पडला. मग पद्मजानं मुलीचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेतला, मनगट बोटांनी चाचपलं आणि सोडून दिलं.

"तू माझ्याशी परक्यासारखी बोलतेस," ती हातांनी म्हणाली. "शब्द बरोबर असतात. पण कुणीतरी दुसरीच बोलतेय असं वाटतं."

अन्वितानं मग पट्टीबद्दल सगळं नीट सांगितलं. आधीही सांगितलं होतं, पण तेव्हा फक्त फटक्याबद्दल सांगितलं होतं.

सोमवारी दोघी मिरजेला गेल्या. डॉ. ऐनापुरे यांनी निवडीबद्दल पेढे मागवून ठेवले होते. अन्वितानं खोक्याला हात न लावता सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी ते बाजूला सरकवलं आणि तिच्या हाताला पट्टी बांधली. तासभर तिला एकेक खूण करायला लावली. त्या बारा दिवसांत पुसलेल्या चुकीची रेघ आणि आता न उमटणाऱ्या हाकेची जागा, दोन्ही त्यांनी पडद्यावर एकमेकींवर ठेवून पाहिल्या.

"एकच आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "लहानपणी तू ही हाक शिकलीस. आठव्या वर्षी बॅकहँड शिकताना मेंदूनं नवी हालचाल बनवायचे कष्ट घेतले नाहीत, घरात होती तीच वापरली. तुझी चूक म्हणजे तुझी ती हाकच होती, अन्विता. मला पट्टीत दिसले ते फक्त स्नायू."

"परत येईल?"

"शिकलीस तर येईल. लहान मूल शिकतं तशी, महिनोन् महिने. पण मग ती चूकही परत येणार नाही असं मी सांगू शकत नाही. असं आजवर कुणी केलेलं नाही."

अन्वितानं ते आईला हातांनी सांगितलं आणि पुढं स्वतःचं जोडलं, "मला ती परत हवी आहे. बॅकहँड गेला तर गेला."

पद्मजानं लगेच नकारार्थी मान हलवली. "डिसेंबरात राष्ट्रीय स्पर्धा आहे. तू खेळणार आहेस. रोज संध्याकाळी आपण दोघी बसू, मी तुला ती शिकवीन. तू मला शिकवली होतीस, आता माझी पाळी. तुझा हात दोन्ही सांभाळतो की नाही, ते बघू." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि नाहीच सांभाळले, तर तेव्हा तू ठरव. मी रुसणार नाही."

अन्वितानं डोळे पुसले. डॉक्टर कागदांवर काहीतरी लिहायला लागल्या होत्या. भेट संपली असं त्यांना वाटलं असावं. पण पद्मजा खुर्चीतून उठली नाही. तिनं टेबलावर दोनदा टकटक केलं आणि डॉक्टरांकडं बघत हात हलवायला सुरुवात केली. अन्विता ते तोंडानं सांगत गेली.

"आई विचारतेय, आजवर किती जणांना ही पट्टी लावली?"

"तीनशे बारा. क्रिकेट, कुस्ती, व्हॉलीबॉल, सगळे खेळ धरून."

"त्यांचं काय गेलं?"

"काही नाही, ताई. एकाचीही तक्रार नाही. आम्ही सहा महिने सगळ्यांच्या संपर्कात असतो."

पद्मजा आता सावकाश बोलत होती, एकेक खूण वेगळी करून, म्हणजे मुलीला सांगताना काही सुटू नये.

"आई म्हणते, माझ्या मुलीचं काय गेलं ते मला कळलं, कारण मी तिच्या हातांकडं बघूनच जगते. त्या बाकीच्यांच्या हातांकडं कोण बघतं?"

डॉक्टरांनी पडद्यावर यादी उघडली, त्यातलं एक नाव निवडलं आणि फोन लावून आवाज मोठा केला. निनाद खराडे हा इस्लामपूरचा व्हॉलीबॉलपटू होता. पाच महिन्यांपूर्वी त्याचे उपचार पूर्ण झाले होते.

"नमस्कार मॅडम! एकदम मजेत," तिकडून आवाज आला. "सर्व्हिस घेताना एक चेंडू इकडं तिकडं जात नाही आता. कप्तान केलंय मला."

"छान. निनाद, एक विचारायचं होतं. हातांनी आधी सहज जमायचं आणि आता जमत नाही, असं काही आहे का? खेळातलं सोडून?"

"नाही हो. गाडी चालवतो, लिहितो, सगळं करतो."

"जरा आठवून बघा. घरातलं, अगदी किरकोळ काहीही."

अन्विता आईला प्रत्येक वाक्य हातांनी सांगत होती. डॉक्टरांसमोरच्या पडद्यावर निनादच्या नोंदीतली एक ओळ उजळली होती आणि त्या त्या ओळीकडं एकटक बघत होत्या: 'चेंडू घेताना दोन्ही हात झुलवण्याची सवय. पूर्णपणे नाहीशी.'

"तसं काहीच नाही मॅडम," निनाद म्हणाला. "आता सांगण्यासारखं नाही, पण आमची मुलगी आहे ना, आठ महिन्यांची. ती आधी फक्त माझ्याकडंच झोपायची. हातांवर घेतलं की पाच मिनिटांत. आता मी घेतली की रडते आणि तिच्या आईकडं झेपावते. बायको म्हणते, मोठी व्हायला लागली, आता ओळखायला लागली." तो हसला आणि मग हसू मध्येच थांबलं. "लहान मुलांचं असतंच की असं. असतं ना, डॉक्टर?"