कुरुळीतला पडलेला रोटर

मोनिका कचेरीत आली, पण खुर्चीवर बसेना. दाराशीच उभी राहून म्हणाली, "उद्या सकाळी माझ्या नवऱ्याला आत टाकायलेत, ताई. त्यानं काहीच केलं नाही हो."

सोपानरावांनी हातातला वडापाव पुन्हा कागदात गुंडाळला. देहूरोडच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून भाचीची गाडी चालवायची आणि तिच्या तपासात लुडबुड करायची, एवढेच त्यांचे दोन उद्योग. भाची म्हणजे मंजुषा, चिंचवडमधली खासगी गुप्तहेर. एरवी कुणीही आलं तरी मामांचा घास थांबत नसे, पण या बाईचा चेहरा बघून त्यांची भूकच गेली.

हकिगत थोडक्यात अशी. मोनिकाचा नवरा रोहिदास मूळचा परभणीकडचा, कुरुळीत त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं छोटं गॅरेज. हिंदुराव नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार तेलाच्या दाबानं उचलणारी यंत्रणा, त्यानं खोलली आणि आतलं सील बदललं. दुसऱ्याच दिवशी, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, हिंदुराव उचललेल्या रोटरखाली, म्हणजे माती भुसभुशीत करणाऱ्या फिरत्या पात्यांच्या अवजाराखाली, पात्यांत अडकलेलं गवत काढत असताना तो अवजड रोटर त्यांच्या पायावर कोसळला. म्हातारा अजून शुद्धीवर नव्हता. मुलगा रविराजनं तक्रार केली होती की मिस्त्रीनं सील नीट बसवलं नाही.

"तुमचा नवरा काय म्हणतो?" मंजुषानं विचारलं.

"तो बोलतच नाही. नुसता हाताकडं बघत बसायलाय. म्हणतो, माझंच काही चुकलं असंल."

मंजुषा उठली. "मामा, गाडी काढा."

ट्रॅक्टर हिंदुरावांच्या अंगणात होता तसाच उभा होता. पलीकडे कंपनीची भिंत, अलीकडे कामगारांच्या खोल्या, आणि मधोमध हे जुनं घर. रविराज चाकणला वाहतुकीचा धंदा करत असे. त्यानं पाहुण्यांना बसा म्हटलं नाही.

"क्लिअर केस आहे, मॅडम. सील फुटलं, रोटर पडला."

"तुम्ही कुठं होता?"

"रस्त्यावर. घरीच येत होतो. बाबांची किंकाळी ऐकली आणि धावलो."

"लिफ्टच्या लिव्हरला हात लावला होता कुणी?"

"तिकडं मी फिरकलोसुद्धा नाही. आणि इंजिन बंद असलं की लिव्हर काही करत नाही."

सोपानरावांनी मान डोलावली. त्यांनाही हे पटलं. इंजिन बंद तर पंप बंद, मग लिव्हर करणार काय? ते ट्रॅक्टरच्या मागे गेले आणि लिफ्टच्या उजव्या लोखंडी हाताला टेकले, तर बाहीला पिवळं लोणी लागलं. चरफडत ते डावीकडे गेले. तिकडच्या हातावर नुसती धूळ होती.

"अहो, हे काय माखलंय?"

"हळद-लोणी," मोनिका हळूच म्हणाली. "खांदेमळणी. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाचे खांदे चोळतात ना, मामा."

"आमचे बैल कधीच गेले," रविराज घाईनं म्हणाला. "आईच्या समाधानासाठी ट्रॅक्टरलाच बैल मानतो. ते बाबांनीच लावलं असेल. आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नव्हती."

रविराजची आई रुक्मिणीबाई ओट्यावर बसल्या होत्या. डोळे सुजलेले. मंजुषा त्यांच्याजवळ गेली.

"आजी, त्या वेळी तुम्ही कुठं होता?"

म्हातारीनं आधी मुलाकडे पाहिलं. "चुलीपाशी. डाळ शिजत हुती." मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

शेजारचा भिमाजी मात्र भडाभडा बोलला. बांधावरून त्याचं आणि हिंदुरावांचं जुनं वैर. मामांनी लगेच त्याच्यावर संशय धरला.

"आमचं भांडान हाय, व्हय. पन मानूस मरायला लागल्यावर बांध बगत बसायचा का? मी वरडणं ऐकलं आन पळालो. रवी माझ्या म्होरं पळत हुता, डोक्यात हेल्मेट तसंच, गाडी रस्त्यात आडवी टाकलेली. तो आदी पोचला. मी आलो, चावी मारली, तसा रोटर आपसूक वर आला. मंग बाबाला वढला."

"आपसूक? तुम्ही लिव्हर ओढली नाही?"

"न्हाई ना! हात बी न्हाई लावला."

मंजुषानं डोळे बारीक केले. मामांना ती खूण ठाऊक होती, पण तिचा अर्थ आजवर त्यांना कधी कळला नव्हता.

"भिमाजीभाऊ, रोटर वर घ्या आणि इंजिन बंद करा."

रोटर उचलला गेला आणि थांबला. सगळे उभे राहिले. मंजुषानं लिफ्टच्या हाताच्या पातळीवर खडूची रेघ मारली आणि चहा मागितला. चहा झाला तरी कुणी हलेना. मोनिकाच्या हातात पदराचा पिळा झाला होता. शेवटी रविराज ओरडला, "बघा, उतरला! बोटभर उतरला!"

मामांनी वाकून खडूची रेघ बघितली. खरंच उतरला होता. म्हणजे रोहिदास गेला आत.

"बोटभरच," मंजुषा म्हणाली. "जुन्या लिफ्टचं तेल थोडं झिरपतं, अवजार हळूहळू बसतं. त्याखालून गोगलगायसुद्धा सुटेल. पडणं वेगळं. मामा, मागं सरका."

तिनं बंद ट्रॅक्टरची लिव्हर खाली ढकलली.

धाडकन रोटर जमिनीवर आदळला. अंगण हादरलं. ओट्यावर रुक्मिणीबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"उचलायला इंजिन लागतं," मंजुषा म्हणाली. "खाली सोडायला लागत नाही. लिव्हर तेलाची वाट मोकळी करते, बाकीचं काम वजन करतं. सील फुटलं असतं तर भिमाजीभाऊंनी चावी मारल्यावर रोटर उचलला गेला नसता. तो उचलला गेला, म्हणजे रोहिदासचं काम चोख आहे. आणि लिव्हरला हात न लावता उचलला गेला, म्हणजे ती वर होती. रोटर खाली, लिव्हर वर. पाडल्यानंतर कुणीतरी ती परत वर केली."

"भिमाजीच्या आधी रविराज पोचला," मामा ओरडले. "म्हणजे यानंच बापाला..."

"नाही, मामा. किंकाळी झाली तेव्हा हा हेल्मेट घालून रस्त्यावर होता. यानं पाडला नाही, फक्त झाकलं. खोटं बोलून परक्या माणसाला तुरुंगात पाठवायचं, ते कुणासाठी?" तिचा आवाज उतरला. "उजवा खांदा माखलेला आहे, डावा कोरडा. खांदेमळणी कुणी अर्धी सोडत नाही. सोडावी लागली. आणि लिव्हर उजव्याच बाजूला आहे."

"मॅडम, बास!" रविराजचा आवाज फाटला. "बाबांचं काही झालं तर ती जगायची नाही. हात जोडतो."

सोपानरावांना वाटलं, हे नसतं कळलं तर बरं झालं असतं. मग त्यांनी मोनिकाकडे पाहिलं, आणि तसं वाटल्याची त्यांना लाज वाटली.

रुक्मिणीबाई पायऱ्या उतरून आल्या.

"खांदेमळनीला बैलाच्या खांद्यावर भार ठिवत न्हाईत," त्या म्हणाल्या. "मी लोनी लावाया आले, तर ह्याच्या खांद्यावर त्यवढं वज्जं. म्हनलं, आज तरी सोडावं. हे घरी आल्यावर लिव्हर खाली करत्यात ते बगितलं हुतं. ह्ये पल्याड रोटरच्या पत्र्याच्या आड वाकल्यालं, मला दिसलंच न्हाईत." त्या मुलाकडे वळल्या. "रवी, तू म्हनला हुतास, बंद ट्रॅक्टरची लिव्हर काय करत न्हाई. सील फुटलं म्हनलास."

रविराजनं होकारार्थी मान हलवली.

"आन मी ते खरं मानलं. मला बी तेच हवं हुतं." म्हातारी मोनिकासमोर जाऊन उभी राहिली. "बाई, तुजा धनी उद्या न्हाई जायचा. मला आत्ता चौकीत न्या. मी सांगते."

"आई, जरा थांब. बाबा शुद्धीवर तर येऊ देत."

"आदी चौकी, मंग दवाखान्यात जाऊ. ते डोळं उघडतील तवा ईचारतील, रोटर कुनी पाडला म्हनून. त्यांना दुसऱ्या कुनाचं नाव सांगू नगंस, रवी. त्ये मी सांगनार. मग मला घरात ठिवायचं का न्हाई, त्ये त्यांनी ठरवावं."

सोपानरावांनी गाडीचं मागचं दार उघडलं. म्हातारीला पाय उचलता येईना, तेव्हा मोनिकानं तिच्या काखेत हात घालून तिला आत बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.