चवीचा रकाना

किनवटच्या पुढं, सागाच्या रानाला टेकून मुलींचं एक खासगी वसतिगृह आहे. धम्मप्रिया तिथं पोचली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. स्वयंपाकघर दोनदा फिनाईलनं धुतलं होतं, तरी आंबलेल्या डाळीचा वास भिंतींनी ओल धरावी तसा धरून ठेवला होता. मोरीच्या जाळीवर पिवळा, बुळबुळीत थर. त्यावर माश्या, हात हलवला तरी न उठणाऱ्या.

काल जेवणानंतर इथल्या चाळीस मुली ओकल्या होत्या.

पानं वाढण्याआधी स्वयंपाकिणीनं चव घ्यायची आणि टॅबलेटवर नोंदवायची, असा इथला नियम. रानात नेटवर्क कुठलं, म्हणून सगळा डेटाबेस टॅबलेटच्याच पोटात. तो प्रोग्राम धम्मप्रियानंच नांदेडात बसून लिहिला होता.

“हे बघा,” अधीक्षक रुद्रेश म्हणाले. “नाव विठाबाई, पदार्थ डाळ, चव चांगली. नोंद खरी आहे म्हणून या कागदावर सही करा. बाईला आजच पोलिसात देतो.”

विठाबाई तोंडाला पदर लावून चुलीजवळ, कालच्या उरलेल्या डाळीच्या पातेल्यापाशी उभी होती. “म्या चवीचं काहीच लिवलं न्हाई, ताई. घोट घेतला अन् थुकला. सायबाला सांगितलं, तर म्हनले, गुमान वाढ. अन्नाला नाव कसं ठेवावं? म्हनून जागा रिकामी सोडली.”

“रिकामी जागा आपसूक चांगली म्हणती व्हय, विठाबाई?” रुद्रेश हसले.

धम्मप्रियानं टॅबलेट पुढ्यात ओढला. म्हणती. तिला ठाऊक होतं.

प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे नोंद करायची आधीच रचून ठेवलेली आज्ञा, हे एकदाच मांडलेलं दळायचं जातं. दर नोंदीला नवं मांडायचं नाही, नुसते दाणे बदलायचे. दळण झपाट्यानं उरकतं. कुणी काहीही टाइप करो, दाणा दाणाच राहतो, जात्याला हुकूम सोडत नाही. पण पुढच्या दळणासाठी जातं सज्ज करणं वेगळं आणि आत राहिलेलं जुनं पीठ झाडणं वेगळं. तिनं पहिलं केलं होतं, दुसरं विसरली होती. रकाना मोकळा सोडला की आदल्या दिवशीचं ‘चांगली’ तसंच खाली उतरत होतं.

“चूक माझी आहे, सर. मावशींची नाही.”

“मग ती दुरुस्त करून दाखवा. रिकामं सोडून रिकामं येऊ द्या, कागद फाडतो.”

तिनं प्रोग्राममध्ये झाडणीची एक ओळ घातली. नाव भरलं, डाळ लिहिलं, चव सोडली. बटण दाबलं.

चांगली.

वास दाटला. तिनं जुनी फाईल बाजूला सारून नवी, कोरी बनवली. हिच्यात एकही दळण झालं नव्हतं. पुन्हा नाव, पुन्हा डाळ, चव मोकळी.

चांगली.

जिभेच्या मुळाशी आंबट, चिकट तार आली. ती गिळताना घशात काहीतरी मऊ सरकलं.

आता तिनं तिन्ही रकाने रिकामे ठेवले. नाव नाही, पदार्थ नाही, काहीच नाही.

नाव: धम्मप्रिया. पदार्थ: डाळ. चव: अजून वाढा.

हे शब्द प्रोग्राममध्ये कुठंच नव्हते. तिनं शोधून पाहिलं.

रुद्रेश हसायचे थांबले होते. ते पडद्याकडं बघत नव्हते, तिच्याकडं बघत होते. कागदाचे दोन तुकडे करून ते भिंतीला पाठ घासत दाराकडं सरकले.

मावशी, सुटलात, असं तिला म्हणायचं होतं. तोंड भरलेलं होतं.

विठाबाई तांब्या घेऊन आली. तिनं धम्मप्रियाचा उजवा हात मोरीवर धरला. मनगटापर्यंत पिवळा, नखांत डाळ.

“बास करा आता, ताई,” पाणी ओतत ती हळू म्हणाली. “कालच्या डाळीचं तिसरं ताट हाय हे.”