"येतो" कोण म्हणालं?

ही गोष्ट खरी आहे. मी शपथा घेत बसणार नाही. पटली नाही तर खुशाल हसा. आणि ज्यांना "बाई असून बारमध्ये काम करते" हेच भुतापेक्षा भयंकर वाटतं, त्यांनी इथूनच मागे फिरावं.

मी बारटेंडर आहे. सात वर्षं कॉकटेल बनवते. आमचा बार तळघरात आहे. रस्त्यावरून सोळा पायऱ्या उतरायच्या, जाड पडदा सारायचा, की समोर लांब काउंटर आणि कोपऱ्यात वीतभर स्टेज. शुक्रवारी बँड असतो. त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नसते.

रात्र म्हटली की लोकांना चोर नाहीतर भूत आठवतं. मला शेकरमधल्या बर्फाचा आवाज आठवतो. दिवसभर साहेबाची बोलणी खाल्लेली माणसं तिथे बेसूर गातात, अनोळखी माणसाला टाळी देतात, बूट काढून नाचतात. मला हे मनापासून आवडतं.

ही आवड मला मामानं लावली. माझा सख्खा मामा त्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. दारू त्यानं नऊ वर्षांपूर्वीच सोडली होती. काउंटरच्या शेवटच्या स्टुलावर बसून नुसता लिंबू-सोडा प्यायचा. मी सारखी शेकर हलवते म्हणून त्यानं माझं नाव "खुळखुळा" ठेवलं होतं.

आमच्या बारची एक रीत आहे. ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती ग्लासावर झाकण म्हणून ठेवली, की समजायचं, हा माणूस परत येणार आहे. तो ग्लास उचलायचा नाही. ती जागा कुणाला द्यायची नाही.

मामा हवा खायला वर निघाला की ग्लासावर चकती ठेवायचा आणि म्हणायचा, "खुळखुळ्या, येतो गं."

मी मान वर न करता म्हणायचे, "ये रे."

जाताना "जातो" म्हणू नये, एवढं आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

मागच्या वर्षीचा मार्च. दुसरा शुक्रवार. रात्रीचे अकरा.

बँडचं मध्यंतराआधीचं शेवटचं गाणं चालू होतं. शेवटच्या चार गाण्यांत ट्रम्पेट नाही, म्हणून मामा आधीच स्टेजवरून उतरला होता. माझ्यासमोर आठ जणांची ऑर्डर. दोन्ही हातांत शेकर.

तेवढ्यात अगदी जवळून आवाज आला...

"येतो."

"ये," मी म्हणाले.

मान वर केली तेव्हा शेवटचं स्टूल रिकामं होतं. ग्लास भरलेला. वर चकती.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. आणि दारावरचे काका धापा टाकत पायऱ्या उतरून आले.

मामा गेला होता. वर, फुटपाथवर. हृदय बंद पडलं.

पंधरा दिवसांनी काका माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "पोरी, एक सांगायचं राहिलं. त्याला त्रास झाला नाही फार. वर आला, माझ्याशेजारी बसला, आणि मान टाकली. ते शेवटचं गाणं खाली सुरू झालं ना, तेव्हा तो गेलेला होता. अॅम्ब्युलन्सवाल्याच्या हाती दिला आणि मगच मी खाली आलो."

"असं कसं काका? त्या गाण्यात तर तो माझ्याशी बोलला."



"कोण बोललं?"

मग माझ्या लक्षात आलं. त्या आवाजानं मला "खुळखुळ्या" म्हटलंच नव्हतं. नुसतं "येतो" म्हटलं होतं.

आणि मी "ये" म्हणून बसले होते.

मामाचा ग्लास उचलायला कुणाचा हात होत नव्हता. मालकीण म्हणाली, राहू दे. तो तसाच राहिला, चकतीखाली. पण दर शुक्रवारी त्यातला सोडा बोटभर कमी व्हायचा. त्या स्टुलावर कुणी बसलं की लगेच उठायचं. "इथे कुणी बसलंय का हो?" असं मलाच विचारायचं.

चौथ्या शुक्रवारी ग्लास रिकामा झाला. काठावर ओठांचा ओला ठसा होता.

आईला कळलं तशी ती हात धुऊन मागे लागली. "सोड ती नोकरी. रात्रीनं माझा भाऊ खाल्ला. लेक नाही देणार मी."

"मामा आजारानं गेला, आई. रात्रीनं तर त्याला जगवलं."

पाचव्या शुक्रवारी बंद करायला मी एकटीच होते. ग्लास पुसत होते. पाठीमागून आवाज आला...

टक. टक.

रिकामा ग्लास काउंटरवर आपटून गिऱ्हाईक आणखी मागतं, तसा.

मी घाबरले. खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. माझ्या मामाच्या ग्लासाला तोंड लावतं हे, आणि वर आणखी मागतं!

मी तरातरा गेले. ग्लास उचलला. बर्फासारखा गार. नळाखाली दोनदा घासून धुतला. मामाची ट्रम्पेट आणून स्टुलावर ठेवली.

"ही जागा भरलेली आहे," मी म्हणाले. "मी म्हटलेलं 'ये' परत घेते. चालता हो. मी इथून हलणार नाही."



त्या दिवसापासून आमच्या बारमध्ये कुणीच "येतो" म्हणत नाही. ड्रमर, मालकीण, काका, सगळे तोंडावर "जातो", "जाते" म्हणून निघतात. नवी गिऱ्हाइकं दचकतात. दचकू देत. अख्खं वर्ष शांततेत गेलं.

मागच्या शुक्रवारी बार दणाणून गेला होता. बँडमधल्या नव्या पोरीनं ट्रम्पेट अशी वाजवली की मालकीण काउंटरवर चढून नाचली. मीही नाचले. अडीच वाजता पायाचे तुकडे पडले होते आणि मी कितीतरी दिवसांनी पोटभर खूश होते. एकटीनं दिवे मालवले. पडद्याशी पोचले आणि जुन्या सवयीनं तोंडातून निघून गेलं...

"येते!"

काउंटरच्या टोकाला, अंधारात...

"ये."

मामा असता तर खुळखुळ्या म्हणाला असता.

सोळा पायऱ्या मी कशा चढले, आठवत नाही. आईला सगळं सांगितलं. तिनं आरडाओरडा केला नाही. फक्त म्हणाली, "आता तरी सोड."

"का सोडू? सात वर्षं मी उभी आहे तिथे. ते आत्ता आलंय. जायचं तर त्यानं जावं."

आज शुक्रवार. सहाला माझी शिफ्ट आहे. केस बांधले, शेकर पिशवीत टाकले. आई दारात येऊन उभी राहिली. घरातून निघताना "जाते" म्हटलेलं तिला आजही खपत नाही.

"येते गं आई."

"ये," असं ऐकू आलं.

पण मी उंबऱ्यातच थांबले. आईच्या तोंडाकडे बघत राहिले.

"ये गं बाई," आई म्हणाली.

या वेळी तिचे ओठ हलले.