लाल कुठले, हिरवे कुठले

अंधाऱ्या खोलीत शिरताना तिचा पाय कुणाच्या तरी हातावर पडला.

"आई गं!" टेबलाखालून आवाज आला.

"कोण आहे तिथे?" तिची तर बोबडीच वळली.

"मायक्रोस्कोपवाला. दिवा लुकलुकतोय म्हणून तुम्हीच बोलावलंत ना? पाय उचललात तर दुरुस्तीही करीन."

ती पॅथॉलॉजीची डॉक्टर. पेशींना लावलेल्या रंगांचे ठिपके अंधारातच चमकतात, म्हणून दिवसभर याच खोलीत बसायची. सगळी लॅब तिला 'घुबड' म्हणायची. एरवी या फजितीवर तीही हसली असती. पण ट्रेमध्ये एका बाईंची स्लाइड होती, स्तनाच्या कॅन्सरची. त्यांचे यजमान बाहेर बाकावर बसून होते. पुढचं औषध या स्लाइडवर अडलं होतं, आणि दिव्याने ऐन वेळी दगा दिला होता.

"बंद-चालू करून तापवलाय तुम्ही बल्ब," तो हात चोळत बाहेर आला. "निवू द्या. घाई केली तर फुटेल."

"आणि तोवर काय करायचं?"

"तोवर… माणसं चहा विचारतात."

"लॅबमध्ये चहाला बंदी आहे."

"मग नुसतं बोला. एवढं काय बघता यात?"

तिने सांगून टाकलं. पेशीला जणू कान असतात, 'वाढ' हा निरोप ऐकणारे. पेशीत ते कान घडवणाऱ्या जीनच्या दोनच प्रती असतात. काही कॅन्सरमध्ये मात्र त्या वाढत जातात… दहा, वीस. मग अंगभर कानच कान, आणि पेशी वाढतच सुटते.

"आमच्या आत्यासारखं. शेजारी कुजबुजले तरी तिला आमंत्रणच ऐकू येतं!"

ती खुदकन हसली. "पण या कानांत बोळे घालणारं औषध आहे. एक लाल ठिपका म्हणजे त्या जीनची एक प्रत. लाल ठिपक्यांची गर्दी दिसली, तरच ते देतात."

बल्ब निवला. त्याने नवा बसवला, जुळवला. तिने डोळा लावला आणि श्वास रोखला. तुलनेसाठीचे हिरवे ठिपके दोन-दोनच. लाल मात्र डाळिंब फुटावं तसे!

"बघा, बघा ना!"

तो बराच वेळ वाकून होता. "सुंदर आहे. पण… लाल कुठले, हिरवे कुठले?"

"थट्टा पुरे हं."

"थट्टा नाही. मला दोन्ही सारखेच दिसतात. जन्मापासून." मग हळूच, "गर्दी मात्र दिसतेय."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोच हसला. "जा, त्या बाहेरच्या काकांना सांगा आधी."

औषध चालेल, हे ऐकताच काकांनी तोंड ओंजळीत लपवलं. ती परतली तेव्हा तो पिशवी आवरून निघाला होता. जाताना एकदा मागे वळून बघितलं त्याने…

त्यानंतर तो दिवा भलताच नाजूक झाला. कधी थरथरायचा, कधी मंद व्हायचा; दर वेळी तिचा फोन जायचा, आणि दर वेळी तोच यायचा. बाईंच्या गाठीही आकसत होत्या. ही बातमी तिने सर्वांआधी त्याला दिली होती.

एके दुपारी तो पिशवी न उघडताच उभा राहिला.

"एक सांगायचंय. दोन स्थळं मोडली माझी. पोरांनाही रंग दिसणार नाहीत म्हणाले. तुम्हाला… आधीच माहीत असलेलं बरं."

"कुणी सांगितलं त्यांना?" ती तडकलीच. "वडिलांकडून मुलाला हे येतच नाही! मुलाला तो जीन आईकडून मिळतो. मुलींना वडिलांकडून मिळेल, पण त्यांना बहुधा दोन्ही रंग दिसतील. आईच्या माहेरी कुणाला नसलं की झालं!"

"तुमच्या घरी आहे कुणाला?"

"छे, कुणालाच नाही—"

आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं. बरं झालं, अंधार होता. त्याने पिशवीकडे हात नेत विचारलं, "बल्ब… बघू का?"

"बल्बला काहीच झालेलं नाही," ती म्हणाली, आणि शेजारचं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.