डोहावरची हाक

ही गोष्ट २०२१ सालची. त्या वर्षी सगळंच बंद होतं, चालू होता तो फक्त पाऊस. एप्रिलात मार्तंडरावांना दवाखान्यात नेलं आणि ते परत आलेच नाहीत. जालन्याच्या त्या घरात मागे दोघीच उरल्या, सुमेधाबाई आणि त्यांची लेक गंधाली. मार्तंडरावांचा आवाज मोठा. संध्याकाळी फाटकातूनच "गंधालीऽ" अशी हाक यायची आणि सगळ्या गल्लीला कळायचं, साहेब आले. ते गेल्यापासून त्या घरात कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. दोन माणसांना हाक लागते कशाला?

कॉलेज मोबाइलवर भरत होतं. गंधाली खिडकीशी बसून रसायनशास्त्र शिकवायची आणि तास संपला तरी तशीच बसून राहायची. शेवटी तिच्याबरोबर शिकवणाऱ्या मीनानं एका रविवारी तिला ओढूनच बाहेर काढलं. भोकरदनच्या पलीकडे अजिंठ्याचे डोंगर सुरू होतात, तिथं एक धबधबा होता. आसरांची धार म्हणायचे त्याला.

वाट कसली, शिडीच होती ती. पाय ठेवावा तिथं लाल चिखल, हात ठेवावा तिथं शेवाळ. दोन्ही बाजूंनी साग, आणि सागाच्या मोठमोठ्या पानांवर पावसाचा तडतडाट. गंधाली पुढे गेली होती. मीना खालून ओरडली, "गंधाली, थांब गं! माझा जीव चाललाय!"

"ओ मॅडम! इथं नाव नका घेऊ."

आवाज वरून आला. चढणाऱ्यांना धरायला गावातल्या पोरांनी वाटेवर दोर बांधला होता. एक उंच, सावळा तरुण त्याची गाठ आवळत उभा होता. भिजून चिंब झालेला, आणि त्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं.

"का? नावावर कर आहे का?" गंधालीनं विचारलं.

"खाली शेंदराचा दगड दिसला का? तिथून वर नाव बंद. डोहात साती आसरा राहतात, पाण्याच्या देवी. त्यांनी एकदा नाव ऐकलं की त्या ध्यानात ठेवतात."

"तुमचा विश्वास आहे?"

"मी शेतकीचा पदवीधर आहे," तो म्हणाला. मग गाठ पुन्हा ओढून बघत, "पण नाव घेत न्हाई."

"मग हाका कशा मारता?"

"ए, ओ, अरे, पाव्हणं… भागतंय की."

"माझं तर घेऊन झालं."

"हां. आसरांनी ऐकलं, अन् मीबी ऐकलं." तो हसला. "त्यांना हळद-कुंकू वाहिलं की त्या विसरतात. माझं काही सांगता येत न्हाई."

कितीतरी महिन्यांनी गंधालीच्या ओठांवर हसू आलं, आणि आल्याबरोबर तिला वडील आठवून अपराध्यासारखं झालं. ती घाईनं पुढे निघाली — आणि घसरली. त्यानं हात पुढे केला. धरावा की नको… तिनं क्षणभर विचार केला, मग धरला. हात खरखरीत होता आणि त्या पावसातही ऊबदार. चढ संपला तरी तो सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. मीनाच्या मात्र आलं.

"तुमचं नाव?" गंधालीनं विचारलं.

"सपाटीला सांगतो."

आणि खरंच, खाली चहाच्या टपरीवर, काचेच्या गरम ग्लासवर फुंकर घालत तो म्हणाला, "अंगद."

अंगदची मोसंबीची बाग होती. श्रावणात तो गाडी भरून जालन्याच्या बाजारात यायला लागला आणि परत जाताना एक पिशवी सुमेधाबाईंकडे द्यायला लागला. पहिल्या दिवशी तो फाटकाशी उभा राहिला आणि त्यानं मोकळ्या गळ्यानं हाक मारली, "गंधालीऽ!"

स्वयंपाकघरात सुमेधाबाईंच्या हातातून उलथणं पडलं. मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघींनाही माहीत होतं, दोघींना काय ऐकू आलं ते. मग पदरानं डोळे टिपून सुमेधाबाई म्हणाल्या, "जा, दार उघड. पाहुणा भिजतोय."

"एवढ्या मोठ्यानं?" गंधाली फाटकाशी जाऊन कुजबुजली.

"सपाटीला बंदी न्हाई. डोंगरात नाव साठवतो, इथं खर्च करतो. तुमचं मात्र बरंय. ‘अहो’, ‘ऐका ना’, ‘ते हे’ म्हणून भागवता… माझं नाव एकदाबी घेतलं न्हाई तुम्ही."

"घेईन की."

"कधी?"

"वेळ आली की…" ती म्हणाली आणि मोसंबीच्या पिशवीत उगाचच काहीतरी शोधू लागली.

गणपती उठले आणि अंगदची आई चतुराबाई म्हणाली, पोरगी मला आवडली, पण आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणं लग्नाची बोलणी करायच्या आधी तिनं आसरांची ओटी भरायला पाहिजे. चतुराबाईला दोनच लेक, अंगद आणि धाकटा भारत. नवरा कधीच गेलेला. भारत म्हणजे नुसता दंगा. ओटी भरायला वर चढताना तो सारखा गंधालीच्या मागंपुढं करत होता.

"वहिनी, जपून. वहिनी, इकडून. वहिनी, पाणी देऊ?"

"अजून वहिनी झाले नाही मी!"

"मंग काय म्हणू? नाव तर घेता येत न्हाई इथं. माझा नाइलाज आहे, वहिनी!"

चतुराबाईसुद्धा हसली. "मेल्या, गप चाल!"

डोहाच्या अलीकडे उंच खडकावर शेंदूर लावलेले सात दगड होते. गंधालीनं तिथं हिरव्या बांगड्या आणि खण ठेवला. नारळ मात्र घरातल्या पुरुषांनी पलीकडच्या कपारीत ठेवायचा असतो. दोघं भाऊ गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेले. धबधब्याच्या तोंडाशी, उंच कड्यावर, फिरायला आलेली बरीच पोरं मोबाइल वर धरून ओरडत होती, ए, ओ, अरे, इकडं बघ… सकाळपासून दरीत तोच कालवा होता.

आधी पाण्याचा रंग बदलला. पांढरी धार तांबूस झाली, मग चहासारखी. वरच्या पठारावर कधीचा पाऊस कोसळत होता, खाली त्याचा पत्ता नव्हता. धारेबरोबर एक अख्खी फांदी खाली आली. चतुराबाई उठून उभी राहिली.

"एऽ पोराहोऽ! एऽ! जल्दी वर या रेऽ!"

भाऊ पाठमोरे होते. त्या कालव्यातली आणखी एक "ए" कोण ऐकतो? चतुराबाई जिवाच्या आकांतानं ओरडत होती — ए, अरे, ओ — आणि तिच्या तोंडातून नाव निघत नव्हतं. जन्मभर त्या डोहावर नाव घेतलं नव्हतं तिनं.

"अंगऽद!"

गंधालीनं त्याचं नाव पहिल्यांदा घेतलं ते असं. अंगद वळला. त्यानं पाणी बघितलंच नाही, बघितला तिचा चेहरा, आणि त्यावरून त्याला सगळं कळलं. पाणी कापत तो अलीकडच्या खडकावर झेपावला, तिथं बांधलेला दोर हाताला गुंडाळला आणि मागं वळून ओरडला, "भारत!" भारतही वळला. हातात नारळ होता, तोंडावर मघाचंच हसू होतं. मग लोंढा आला, आणि तिथं कोणी नव्हतं.

भारत दोन दिवसांनी खाली ओढ्याच्या पुलाजवळ सापडला.

गावात एकच बोलणं झालं. जालन्याच्या पोरीनं डोहावर नाव घेतलं. अंगदचे चुलते काकासाहेब तर चारचौघांत म्हणाले, "एकाचं नाव घेतलं, आसरांनी दुसरा मागून घेतला." गंधालीला आसरांचं काही वाटत नव्हतं. तिला वेगळीच गोष्ट जाळत होती. नावं दोन होती. तिला दोन्ही माहीत होती. तिनं एकच घेतलं.

अंगदचा फोन आला नाही. तिनंही केला नाही. तेराव्याला मात्र ती आईला घेऊन एसटीनं भोकरदनला आणि तिथून जीपनं गावात गेली. ओसरीवर माणसं बसली होती. तिला बघून काकासाहेब उभे राहिले.

"हिला कोणी बोलावलं?"

"मी न्हाई बोलावलं," आतून चतुराबाई आली. तिचा आवाज पार बसला होता. "पण आली तर येऊ द्या. भाऊजी, हिनं हाक मारली म्हणून माझा एक घरी आला. मी आई. त्यांची नावं मीच ठेवलेली. माझ्या तोंडून एकबी निघालं न्हाई. मला काय म्हणायचं ते म्हणा."

चतुराबाई गंधालीकडे वळली. "पण पोरी, तुझ्या तोंडून अंगदचं नाव ऐकलं ना, की मला भारतचं ऐकू येतंय, मी न घेतलेलं. इतक्यात नको मागू मला काही."

"नाही मागत," गंधाली म्हणाली.

अंगद गोठ्यामागं उभा होता. गालफडं बसली होती. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"तू माझंच नाव घेतलंस," तो म्हणाला.

"दुसरं आठवलंच नाही मला…"

त्यानं गव्हाणीवर डोकं टेकलं आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा तो रडला. ती शेजारी उभी राहिली. माझं तुझ्यावर प्रेम आहे, असं त्या दोघांत कुणी कधी बोललं असेल तर ते एवढंच. तो तिला "तू" म्हणाला तेही तेव्हाच पहिल्यांदा.

पुढं दोन वर्षांनी चतुराबाईनंच निरोप धाडला. लग्न जालन्यात, कोर्टात झालं. काकासाहेब आले नाहीत. आजही त्या घरचं पाणी घेत नाहीत. मीनाची बदली अंबडला झाली, ती डोंगराचं नाव काढत नाही. सुमेधाबाई जालन्यातच आहेत, फाटकाची कडी वाजली की अजून कान टवकारतात. अंगद बाग बघतो आणि पावसाळ्यात शेंदराच्या दगडापाशी उभा राहून येणाऱ्यांना परत पाठवतो. जो ऐकत नाही त्याला तो नाव विचारतो आणि वेळेला हाक मारता यावी म्हणून ते एकदा मोठ्यानं म्हणून बघतो.

गंधाली कॉलेजात शिकवते आणि सुटी लागली की गावी येते. नवऱ्याला ती "अहो" म्हणते. शिकलेली पोरगी किती जुन्या वळणाची, असं बायकांना वाटतं. त्याचं नाव तिनं पुन्हा घेतलेलं नाही, आणि त्यानंही पुन्हा मागितलेलं नाही.

चतुराबाई आता थकली आहे. पण रोज संध्याकाळी ताटं वाढली की ती अंगणात येते, डोंगराकडे तोंड करते आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी हाक मारते, "अंगऽद! भारऽत!" अंगद बागेतून ओ देतो. मग जरा वेळ काहीच ऐकू येत नाही. तेवढा वेळ म्हातारी तशीच उभी राहते. गंधाली घरी असली की चुलीपुढून उठते, दारात येते आणि त्या दुसऱ्या हाकेला ओ देते, "आले हो, आई." मग दोघी आत जातात.