वारा कुठून आहे?

मंडीदीपच्या सुताराकडून ते यंत्र लोडिंग ऑटोत घालून घरी आणलं, तेव्हा अच्युतकाका फाटकाशी उभे होते. लाकडी पट्ट्यांचं पिंपाएवढं आडवं चाक, एका टोकाला लोखंडी हँडल आणि चाकावरून ताणून बसवलेलं जाड कॅनव्हास.

"हे काय रे परीक्षित? ताक घुसळणार आहेस की काय?"

"वाद्य आहे, काका. ऑर्केस्ट्रासाठी."

"वाजतं कसं?"

"खरखरतं," परीक्षित म्हणाला, आणि यंत्र मागच्या खोलीत नेऊन त्याने त्यावर चादर टाकली.

तो खोटं बोलला नव्हता, पण पूर्ण खरंही बोलला नव्हता. हँडल फिरवलं की पट्ट्या कापडावर घासत आणि खोलीत वारा सुटे. हळू फिरवलं तर झुळूक, जोरात फिरवलं तर वादळ. दिवसा कारखान्यात हिशेब लिहिणारा परीक्षित संध्याकाळी शहरातल्या हौशी पाश्चात्त्य वाद्यवृंदात अशीच कुणाला नको असलेली वाद्यं वाजवी: ऐरण, साखळ्या, ढगांसारखा गडगडणारा पत्रा. सगळ्यांच्या मागे उभं राहायचं, मनात मात्रा मोजत गप्प राहायचं, आणि आपली वेळ आली की एकदाच वाजायचं. भिडस्त माणसाला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

पण अवधपुरीतल्या त्या घरात वारा ही साधी गोष्ट नव्हती. काका नोकरीसाठी नव्याने भोपाळला आले तेव्हा स्टेशनजवळ खोली घेऊन राहत. गॅसच्या त्या रात्री चौकात उभं राहून त्यांनी ओलं बोट हवेत धरलं होतं. बोटाची जी बाजू गार पडते, तिकडून वारा येतो. तोंडावर ओला टॉवेल धरून ते गर्दीच्या उलट दिशेने पळाले आणि वाचले. छाती मात्र कायमची अधू झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी खिडक्या लावण्यापूर्वी ते विचारत, "वारा कुठून आहे रे?" शिकायला म्हणून काकांकडे आलेला आणि तिथलाच झालेला परीक्षित बोट ओलं करून खिडकीबाहेर धरी. "तलावाकडून, काका." मग काका म्हणत, "ठीक."

म्हणूनच तो काका बाहेर गेले की सराव करी.

मार्चमधल्या त्या दुपारी सुमित्राकाकू बहिणीकडे गेल्या होत्या आणि काका झोपले होते. दार लावून घेतलंय, आवाज जाणार नाही, अशी परीक्षितने स्वतःची समजूत घातली. वादळ चढत चाललं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हात लयीत बसला होता. तेवढ्यात दारापलीकडून हाक आली.

"परीक्षित, वारा कुठून आहे रे?"

मग पुन्हा. या वेळी आवाजात घाई होती.

एवढं वादळ उतरू दे, मग उठतो, असं त्याने मनाशी म्हटलं, आणि मात्रा मोजत राहिला.

दार उघडलं तेव्हा न्हाणीघराचा नळ वाहत होता. उंबऱ्यावर काका आडवे पडले होते. नाकातोंडावर ओला टॉवेल घट्ट धरलेला.

काकू येण्याआधी त्याने तो टॉवेल पिळून दोरीवर वाळत घातला.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकू मात्र अधूनमधून विचारत, "यांनी हाक मारली असती तर तुला ऐकू आली असती ना रे?"

"मारलीच नाही, काकू."

तेरावा झाल्यावर यंत्र तालमीला नेलं. वारा दबका निघाला.

"परीक्षित, मला वारा हवाय, दमा नको," संचालक सत्यजित सर म्हणाले. सगळे हसले.

त्याने कापडाला हात लावला. मधोमध तळहाताएवढा भाग ओला होता.

"तेरे मशीन को तो पसीना आ गया, यार!" पुढे बसलेली व्हायोलिनवाली जुई म्हणाली.

एप्रिलच्या उन्हात कापड कडकडीत वाळे. संध्याकाळी तेवढीच जागा पुन्हा ओली होई. मग आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. हँडल सोडल्यावरही वारा लगेच थांबत नसे. शेवटी जरासा आत ओढला जाई. जुईने एक दिवस आपली खुर्ची पुढे सरकवली.

"सर, हे वाद्य वगळलं तर?" परीक्षितने विचारलं.

"परवा कार्यक्रम आहे, राजा. वादळाशिवाय काय वाजवू?"

आणि काकू म्हणाल्या, "यांना तुझं वाद्य ऐकायचं राहून गेलं. त्यांच्या वतीने मी येते."

सभागृहाकडे जाताना ऑटोत त्यांनी त्याचा हात हातात धरला होता. आत्ता सांगू, पुढच्या वळणावर सांगू, असं म्हणता म्हणता सभागृह आलं.

वादळ चढलं. पहिल्या रांगेत काकूंनी नाकाला पदर लावला.

सरांचा हात खाली आला. सगळी वाद्यं थांबली. परीक्षितने हँडल सोडलं.

चाक स्थिर होतं.

वारा चालूच होता. आत, बाहेर. आत, बाहेर.

श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या.

मंचामागच्या खोलीत यंत्राशी तो एकटाच उरला तेव्हा काकू आल्या. खिडक्या बंद होत्या, पंखाही बंद होता. त्यांनी कापडावरच्या ओल्या जागेवरून बोटं फिरवली, जशी माणसाच्या तोंडावरून फिरवावीत.

"खरं सांग. हाक मारली होती ना?"

"हो, काकू. दोनदा."

"काय विचारलं?"

"वारा कुठून आहे."

त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. फक्त यंत्राकडे पाहत म्हणाल्या, "मग सांग ना त्यांना. केव्हाचे थांबलेत."

परीक्षितने बोट ओलं केलं आणि समोर धरलं.

खोलीत पानही हललं नसतं.

मग बोटाची एक बाजू गार पडत गेली. त्याच्या स्वतःच्या छातीकडची.